गोल्डन करंट लावताय? पहिले दोन उन्हाळे सांभाळा

कोलोराडो, युटाकडे राहणाऱ्यांनी अंगणात गोल्डन करंट लावून बघा, तिथलंच रानटी झुडूप आहे, काटे नाहीत, वसंतात पिवळी फुलं येतात आणि वास अगदी लवंगेसारखा, हमिंगबर्ड पण येतात. जागा उन्हाची बघा, थोडी सावली चालते, पण ६ फूट तरी मोकळं सोडा कारण मुळातून फुटवे काढत पसरतं. आता दुष्काळ सोसतं म्हणून लावल्या लावल्या पाणी तोडू नका हां, पहिले १-२ उन्हाळे आठवड्यातून एकदा खोल मुरेल असं द्या, नंतर फक्त कडक उन्हाळ्यात अधूनमधून. खताची गरज नाही. छाटणी फुलं गळल्यावरच करा, थंडीत कात्री चालवली तर कापलेल्या फांदीवरची फुलं गेलीच, कारण ती आदल्या वर्षीच्या काडीवर येतात. जुन्या जाड फांद्या जमिनीलगत कापायच्या, शेंडे कातरत बसू नका. आणि जवळपास पाच-पाच सुयांच्या झुबक्यांचे व्हाइट पाइन असतील तर लावूच नका, ब्लिस्टर रस्ट या पाइनच्या रोगाची बुरशी या झुडपावरून त्यांच्यावर जाते. फळं पिकून काळी झाली की जॅम मस्त होतो, पक्ष्यांनी ठेवली तर!