सर्कलला गाडी मारताना या चुका टाळा

बेळगावात गाडी मारायची म्हणजे दिवसात एकदा तरी चन्नम्मा सर्कल नाहीतर गोवावेस लागतंच, आणि तिथं कोण तरी कुणाच्या तरी आडवं घुसलेलं असतंच.

पहिली चूक, उजवीकडं न बघता आत शिरणं. आपल्याकडं डाव्या बाजूनं गाड्या चालतात, म्हणजे सर्कलला घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं, मग अंगावर येणारी गाडी उजवीकडूनच येणार की. पण आपली नजर असते समोर, जिकडं जायचंय तिकडं. मी पण तसंच करायचो, एकदा पावसात स्कूटर घुसवली आणि आतून फिरत आलेल्या रिक्षावाल्यानं असला करकचून ब्रेक मारला की मागच्या सीटवरच्या मावशींची भाजीची पिशवी रस्त्यावर, चूक शंभर टक्के माझीच. केंद्राच्या 2017 च्या ड्रायव्हिंग नियमात पण हेच आहे, आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला, येणाऱ्यानं थांबायचं. मोठी गाडी, मोठा रस्ता असलं काही नाही. सिग्नल किंवा पोलीस असेल तर मात्र तो सांगेल तसं.

दुसरी, उजवीकडंच वळायचंय तर कशाला वळसा म्हणून उलटं घुसणं. देवळात उलटी प्रदक्षिणा घालता का ओ? देव उजव्या हाताला ठेवतो तसा सर्कलचा कट्टा पण उजव्या हाताला, एवढंच लक्षात ठेवा.

इंडिकेटर बरेच जण लावतच नाहीत, आणि लावला तर फार लवकर. आपल्याला ज्या रस्त्याला बाहेर पडायचंय त्याच्या आधीचं तोंड मागं पडलं की मग डावा इंडिकेटर, नाहीतर त्या आधीच्या तोंडावर थांबलेल्याला वाटतं हा इथंच निघाला आणि तो घुसतो. बाहेर पडताना डावा आरसा बघाच, तिथं एक दुचाकी असतेच असते.

आता ऊसाच्या सीझनचं. ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रॉल्या, वळताना पुढचं चाक जिथून जातं तिथून मागची ट्रॉली जात नाही, ती आतल्या बाजूला ओढते. म्हणजे फिरताना कट्ट्याकडं आणि बाहेर पडताना डाव्या कडेला. गॅप दिसली म्हणून या दोन्ही ठिकाणी बाईक घालायची नाही, ड्रायव्हरला मागचं काहीच दिसत नाही, ऊस बाहेर लोंबकळत असतो ते वेगळंच. गपचूप मागं थांबा.

पावसात ब्रेक सर्कलच्या आधीच मारून घ्या, गाडी तिरकी झाल्यावर पुढचा ब्रेक दाबला की पडलाच. सांडलेलं डिझेल, ऊसाचा पाला असला तर विचारूच नका.

आणि आपला रस्ता चुकून पुढं गेला तर मध्येच थांबणं, रिव्हर्स घेणं असलं काय करू नका, अजून एक चक्कर मारा, अर्धं मिनिट जातं.