न्हाणीघराचा सरकता काचेचा दरवाजा : जुळवणी आणि दुरुस्ती

बेळगाव, चिकोडी, निपाणी या भागांत ज्या घरांत बोअरचे पाणी वापरले जाते, तेथे न्हाणीघराचा काचेचा दरवाजा अडखळू लागला की पहिला संशय चाकांवर नव्हे, तर क्षारांवर घ्यावा. जड पाण्याचा पांढरा थर रुळावर आणि चाकांच्या खाचेत साचतो आणि चांगली चाकेही घासत चालू लागतात. पांढरा व्हिनेगर आणि कोमट पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवलेले फडके रुळावर वीस मिनिटे ठेवावे, जुन्या दातघाशीने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. मात्र खाली शहाबादी किंवा कडप्पा फरशी असेल, तर हे पाणी तिच्यावर ओघळू देऊ नये, कारण ते चुनखडीचे दगड असून आंबटाने त्यांची झिलई जाते. संडास धुण्याचे ॲसिड तर रुळाला लावूच नये.

एवढ्याने भागले नाही, तर दरवाजा पूर्ण बंद करून काचेची कड आणि भिंतीकडील पट्टी यांमधली फट पाहावी. वर फट असून खाली काच टेकत असेल, तर मागच्या बाजूचे चाक खाली बसले आहे असे समजावे. वर टेकून खाली फट राहत असेल, तर पुढचे, म्हणजे भिंतीकडचे चाक उचलावे लागते. बहुतेक दरवाज्यांत वरच्या चाकाचा आस केंद्रापासून किंचित बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे तो फिरवला की काच वर-खाली होते. आधी आस धरून ठेवणारा पकडस्क्रू एलन कीने (षटकोनी चावीने) सैल करावा, मग आस एका वेळी पाव फेराच फिरवावा, पुन्हा फट पाहावी आणि शेवटी स्क्रू घट्ट करावा. हे काम चालू असताना काचेचा भार दुसऱ्या माणसाने हातांनी पेललेला असावा.

चाक झिजले किंवा फुटले असेल, तर दरवाजा उतरवावा लागतो, आणि येथे घाई मुळीच करू नये. ८ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला २० किलो भरते, त्यामुळे साधा पल्लाही २५ ते ३० किलोंचा होतो. ही टफन्ड (उष्णता देऊन कणखर केलेली) काच सपाट भागावर बराच मार सोसते, परंतु तिचा कोपरा फरशीवर टेकला की क्षणात तिचा चुरा होतो. म्हणून जमिनीवर जुनी वाकळ जाड घडी घालून आधीच अंथरावी, पायांत बूट घालावेत आणि सांडपाण्याची जाळी झाकावी, म्हणजे स्क्रू आत पडणार नाही. काच सरळ रेषेत ठेवणारा खालचा मार्गदर्शक तुकडा सोडवून, दोघांनी मिळून पल्ला वर उचलून रुळावरून काढावा. जुने चाक सोबत घेऊनच दुकानात जावे आणि त्याचा व्यास व भोकांमधील अंतर जुळवून सर्व चाके एकदम बदलावीत. एकच नवे चाक बसवल्यास पल्ला पुन्हा तिरपा होतो.

चौकटीच्या सांध्यातून पाणी गळत असेल, तर जुने सिलिकॉन खरवडून नवे भरावे. खानापूरकडच्या पावसाळ्यात भिंत कोरडी होत नाही आणि ओल्या पृष्ठभागावर सिलिकॉन धरत नाही, तेव्हा हे काम उन्हाळ्यात उरकावे आणि त्यानंतर २४ तास न्हाणीघर वापरू नये. काचेच्या कडेचा टवका उडाला असेल, तर मात्र तिला घासून नीट करण्याचा प्रयत्न करू नये; टफन्ड काच नंतर कापता वा घासता येत नाही, पूर्ण पल्लाच बदलावा लागतो.