लिनक्सवर डीएसएल: या चुका टाळा, आणि पासवर्डला शेवटी हात लावा

‘डीएसएल लागत नाही’ (म्हणजे फोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट) असं कोणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: मॉडेमवरचा डीएसएलचा दिवा स्थिर आहे का? बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो. तोवर पासवर्ड चारदा टाकून झालेला असतो. एकाने तर अख्खं लिनक्स नव्याने बसवलं होतं. दिवा लुकलुकत असेल तर दोष लाइनचा किंवा मॉडेमचा, लिनक्स त्यात कुठेच नाही. त्याच लाइनवर फोन असेल तर प्रत्येक फोनला फिल्टर लावा. एक विसरलात की लाइन तुटत राहते.

दिवा स्थिर आहे, पण लॉगमध्ये पाडोची वाट पाहून टाइमआउट? पीपीपीओईत, म्हणजे डीएसएलवर लॉगिन करायच्या पद्धतीत, तुमचं मशीन आधी पाडी पाठवतं (गोठ्यातली नव्हे), म्हणजे ‘कोणी आहे का?’ अशी हाक. ओ देणारं पॅकेट म्हणजे पाडो. पासवर्डची पाळी त्यानंतर येते. पाडो येत नसेल तर बहुधा मॉडेम राउटर मोडमध्ये असतो आणि स्वतःच लॉगिन करत असतो. मग त्यालाच करू द्या आणि लिनक्सवर डीएचसीपी (मॉडेमकडून आपोआप पत्ता घेणं) ठेवा, नाहीतर मॉडेम ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे लॉगिन लिनक्स करेल. मी ब्रिजच ठेवतो. व्हीपीआय-व्हीसीआय किंवा व्हीलॅनचा आकडा (कंपनीच्या लाइनवरच्या वाटेचा क्रमांक) चुकला तरी लक्षण हेच.

आता माझं जुनं दुखणं, एमटीयू, म्हणजे एका पॅकेटात मावणाऱ्या बाइटांची कमाल मर्यादा. जुन्या पीसीला मी गेटवे केलं होतं, म्हणजे घरातल्या बाकीच्यांचं इंटरनेट त्यातून जायचं. पीसीवर सगळं झकास. मागच्या लॅपटॉपवर पिंग जायचं, काही साइट उघडायच्या, काही नुसत्या फिरत राहायच्या. दोन संध्याकाळी मी डीएनएस बदलत बसलो, वायरी बदलल्या, ब्राउझरला दोष दिला. कारण होतं ८ बाइटचं. इथरनेटच्या १५०० बाइटांतून पीपीपीओई ८ खातं, उरतात १४९२. पीसीला हे ठाऊक होतं, लॅपटॉपला नव्हतं. त्याच्या सांगण्यावरून समोरचा सर्व्हर १५०० बाइटांची पॅकेटं पाठवायचा, ती वाटेत अडायची, आणि ‘लहान कर’ हा आयसीएमपी निरोप कुठल्यातरी फायरवॉलने गिळलेला. उपाय म्हणजे गेटवेच्या फायरवॉलमधल्या फॉरवर्ड साखळीत (पुढे जाणाऱ्या पॅकेटांचे नियम) एमएसएस क्लॅम्पची एक ओळ; ती दोन्ही बाजूंना आधीच लहान पॅकेटं पाठवायला लावते. मी आता ती कनेक्शन लावायच्या आधीच टाकतो. तपासायचं तर लॅपटॉपवरून, तुकडे करायला मनाई करून पिंग करा: डेटा १४६४ बाइट असेल तर (हेडर धरून १४९२) जातो, १४६५ असेल तर अडतो. लॅपटॉपचा एमटीयू हाताने कमी करण्याचा शॉर्टकट सांगणारे भेटतील. मग घरातल्या प्रत्येक नव्या फोनवर तेच करत बसा.

पीपीपी शून्यला, म्हणजे लॉगिननंतर तयार होणाऱ्या कनेक्शनला, आयपी मिळाला, तरी काहीच उघडत नाही? बहुधा इथरनेट कार्डावर जुना गेटवे राहिलाय. कनेक्शन चालवणारा पीपीपीडी हा प्रोग्राम आधीचा डीफॉल्ट रूट (बाहेर जायची ठरलेली वाट) आपणहून हटवत नाही, लॉगमध्ये तसं लिहितोही. लॉग वाचतं कोण?

पासवर्डमध्ये हॅशचं चिन्ह (#) असेल तर सीक्रेट्स फाइलीत (जिथे लॉगिनचं नाव-पासवर्ड असतात) तो अवतरणचिन्हांत लिहा.

आणि दर अर्ध्या मिनिटाला मॉडेमची पिन उपटणाऱ्यांनो, पलीकडच्या सर्व्हरला तुमचं जुनं सेशन अजून जिवंत वाटत असतं. काही ठिकाणी ते संपेपर्यंत नवं लॉगिन मिळतच नाही. पाच-दहा मिनिटं थांबा. मी तेवढ्यात केबलींना लेबलं चिकटवतो.