अनेगाडाला शिडाच्या बोटीने जाताना

कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधली बहुतेक बेटं डोंगराळ आहेत, दुरूनच दिसतात. अनेगाडा मात्र प्रवाळाचं आणि सपाट. सर्वांत उंच जागा जेमतेम साडेआठ मीटर. आधी दिसतात ती झाडांची टोकं, आणि भोवती हॉर्सशू रीफ, म्हणजे पाण्याखालची प्रवाळाची रांग.

दक्षिणेकडच्या व्हर्जिन गोर्डा बेटाच्या नॉर्थ साउंड या खाडीतून सकाळी आठला निघा. अंतर सुमारे १५ सागरी मैल. पाच-सहा नॉट (तासाला तेवढे सागरी मैल) वेगाने तीन तास लागतात. वारा पूर्वेचा, आपण उत्तरेकडे, म्हणजे तो उजव्या बाजूने. शीड छान भरतं. अकराला सूर्य डोक्यावर येतो आणि पाण्याचा रंग वाचता येतो: फिकट निळं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. दुपारी उशिरा सूर्य खाली आला की चकाकीत खडक दिसत नाहीत, म्हणून उशीर झाला तर सरळ मागे फिरा. आत शिरताना लाल बोया (वाट दाखवणारे तरंगते पिंप) उजवीकडे ठेवा. एकाने पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं राहावंच.

नांगर फक्त वाळूत टाका. पाणी तीन मीटर, पाण्यापासून नाळेची उंची एक मीटर, मिळून चार. चाराच्या पाचपट, म्हणजे वीस मीटर साखळी सोडा. नाळेची उंची मोजायची राहून गेली तर साखळी कमी पडते आणि रात्री नांगर घसरतो. इंजिन हळू मागे चालवून तो रुतल्याची खात्री करा.