आधी सतरंजी, मग पेटी

पेटीसमोर आरसा ठेवा, सा लावायच्या बेतानं श्वास घ्या आणि फक्त खांद्यांकडं बघा. खांदे कानाकडं सरकले असतील तर श्वास वरच्या वर राहतोय, पोटापर्यंत पोचत नाही. माझे वीस वर्षं असेच सरकत होते. परभणी जिल्ह्यातलं आमचं भजनी मंडळ, वारकरी चालीची उंच पट्टी, काळी चारच्या, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, खाली कुणी यायला तयार नाही. सप्ताहाच्या तिसऱ्या रात्री माझा आवाज बसलाच म्हणून समजा. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, लवंग तर दाढेत कायमची. शेवटी एका जुन्या पेटीवाल्या काकांनी माझा अभंग ऐकून एवढंच विचारलं, "गायलास का पोतं उचलायलास?"

त्या प्रश्नापायी मी गाण्याआधी योगासाठी सतरंजी अंथरली, त्याला आता सहा वर्षं झाली. खालचा क्रम हळूहळू बसत गेला. मला पाऊण तास लागतो, तुम्हाला सुरुवातीला अर्धा तास पुष्कळ. आणि एक आधीच सांगून ठेवतो: योगानं बेसूर माणूस सुरात येत नाही. त्याला कान आणि गुरूच लागतात. योगानं मधला अडथळा निघतो, एवढंच.

आदल्या रात्री

ठेचा-भाकरी खाऊन लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतं आणि पहाटे आवाजात खरखर येते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. सप्ताहाच्या पंगतीत हे जमत नाही, ठाऊक आहे मला.

डाळीची पुडी

सकाळी उताणे झोपा, गुडघे उभे ठेवा आणि अर्धा किलो तूरडाळीची पुडी बेंबीवर ठेवा. श्वास घेताना पुडी वर, सोडताना खाली. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली उतरून सपाट होतो, आतली इंद्रियं दाबली जातात, म्हणून पोट पुढं येतं. इथवर सगळे सांगतात. गाणाऱ्याचं काम त्याच्या पुढं आहे. तान असो की अभंगाची लांब ओळ, ती श्वास सुटताना होते. तेव्हा पुडी किती वर जाते याचं कौतुक करू नका. खाली येताना ती धपकन बसते, थरथरते की सावकाश उतरते, ते बघा.

पहिले दहा दिवस एवढंच करा. दहा मिनिटं. लोक इथंच कंटाळतात आणि मोबाईलवर बघून कपालभातीला लागतात. माझं स्पष्ट मत, गाण्याच्या अगदी आधी कपालभाती नकोच, घसा कोरडा पडतो. रक्तदाब, हर्निया, काचबिंदू असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेले असतील तर ती टाळाच.

अंग मोकळं करणं

पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, म्हणून डावा खांदा पुढं येतो आणि पाठीला बाक पडतो. पखवाजवाल्याचे खांदे दुखतात, टाळकऱ्याची मान. म्हणून ताडासन, मार्जारासन, भुजंगासन आणि खांदे गोल फिरवणं, एवढं पुरतं. सूर्यनमस्कार आवडत असतील तर सहा घाला. पण त्यानंतर शवासनात श्वास ठिकाणावर येईपर्यंत थांबा. धापा टाकत लावलेला सा तुम्हालाच फसवतो. वज्रासन गुडघ्यांना झेपलं तरच करा, नाहीतर भिंतीला पाठ लावून मांडी घाला. मी भिंतीलाच बसतो.

श्वास ठेक्यात

अनुलोम-विलोम करताना आकडे मोजण्यापेक्षा मनात भजनी ठेका चालू ठेवा, अगदी संथ. ठेका आठ मात्रांचा. चार मात्रांत श्वास घ्या, पूर्ण आठ मात्रांत सोडा. कोंडून धरू नका. श्वास घेताना नाडी किंचित वाढते आणि सोडताना मंदावते, म्हणून सोडणं लांबलं की जीव थंडावतो. दहा-बारा आवर्तनं झाली की तुमच्या लक्षात येईल, सहाव्या मात्रेशी मन घाई करतंय, समेआधीच, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेआधीच, पोचायला बघतंय. ही घाई नीट ओळखून ठेवा. पुढं कामाला येते.

भ्रामरी सा वर

योग आणि गाणं यांची गाठ पडते ती इथं. मोबाईलवर तानपुरा लावा, सराव करायच्या पट्टीत. पुरुषांनी काळी एक धरली तर तिथल्या सा ला स्वरतंतू सेकंदाला साधारण १३९ वेळा कंप पावतात. डोळे मिटा, अंगठ्यानं दोन्ही कान हलकेच बंद करा, ओठ मिटून त्याच सा वर गुणगुणा. गालफडात, कपाळात झिणझिण जाणवेल. आता एक कान उघडा. आत तुमचा सूर, बाहेर तानपुऱ्याचा. दोघांत किंचित फरक असेल तर आवाजाला लाटा येतात, वाँव-वाँव अशा. सेकंदाला दोन लाटा म्हणजे तुम्ही दोन कंपनांनी चुकताय. सूर हळूच सरकवा. लाटा लांबत जातात आणि एका क्षणी थांबतात. तो क्षण आला की जोर वाढवावासा वाटतो, तो वाढवू नका. सात वेळा करा. ओठ मिटून गुणगुणताना गळ्यावर ताणही कमी पडतो, म्हणून बसलेल्या आवाजालाही बहुधा हे सोसतं.

खर्ज, आणि देवगिरीचा एक हिशेबनीस

भ्रामरी थांबली की लगेच आकारात, म्हणजे 'आ' म्हणत, मधल्या सप्तकाचा सा, मग नी, ध, प असं मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरा. हाच खर्ज. प्रत्येक स्वर एका श्वासाचा. पोटाला तीच डाळीची पुडी आठवू द्या. दहा-पंधरा मिनिटं.

हे सगळं काही माझं शोधून काढलेलं नाही. १३ व्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं, हुद्दा हिशेबखात्याचा. त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि रागांच्या आधी शरीर कसं घडतं, चक्रं कुठली, हे मांडलं. नाद शब्दातला 'न' म्हणजे प्राण आणि 'द' म्हणजे अग्नी, असं तो देतो. मंद्र हृदयात, मध्य कंठात, वरचा तार मस्तकात. नाभीपासून वर येणाऱ्या नादाला तो जागेनुसार नावं देतो आणि तोंडातल्या नादाला म्हणतो 'कृत्रिम'. नुसतं तोंडानं गाणाऱ्याला आठशे वर्षांपूर्वीच बोलून ठेवलंय म्हणायचं. त्याचं आणखी एक म्हणणं मला फार आवडतं: योग्यांच्या अनाहत, म्हणजे आघाताशिवाय उमटणाऱ्या, नादात रंजकता नाही, तो माणसांचं मन रिझवत नाही, म्हणून आपण आघातातून उमटणाऱ्या आहत नादाकडं वळायचं. तेव्हा सतरंजीवरच समाधी लावून बसू नका. उठा, पेटी उघडा.

ऋतू बघून

मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पाचलाच गच्चीवर बसा. थंडीत तोच पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा दार लावून, डोक्याला मफलर बांधून आणि आसनं थोडी वाढवून. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची मळणी सुरू झाली की धूळ नाकात बसते. जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, तेव्हा उपयोगी पडते: अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात पाऊण चमचा मीठ. पहिल्यांदा जाणकारासमोरच करा आणि नंतर नाक पूर्ण कोरडं करा.

शेवटची दोन मिनिटं

रियाज संपला की पेटी लगेच झाकू नका. तानपुरा बंद करून गप्प बसा. मी एका वहीत रोज एक ओळ लिहितो: आज घाई कुठं झाली. पहिल्या वर्षी माझ्या वहीत पखवाजवाला भरलेला होता. त्यानं लय पळवली, त्यानं सम चुकवली, त्याला सांगून उपयोग नाही. गजरात मी त्याच्याकडं डोळे वटारायचो आणि तोही मान फिरवून घ्यायचा.

गेल्या कार्तिकातल्या एका रात्री लय पुन्हा चढायला लागली. डोळे वटारायच्या आत सवयीनं श्वास सोडला, आठ मात्रांचा. सहावी मात्रा आली आणि मला माझा डावा हात दिसला. भाता तोच पळवत होता. पखवाज बिचारा माझ्यामागं धावत होता. हात सैल केला, तशी लय बसली.

कार्यक्रम संपल्यावर त्यानं पखवाजाची कणीक खरवडत मान वर केली. "महाराज, आज लय पळाली नाही बगा."

"होय," मी म्हटलं, आणि टाळ गोळा करायला लागलो.