होमस्टेसाठी व्हॉट्सॲप बॉट बनवून द्यायचाय? मग आधी त्यांची चॅट वाचा

कोकणातला होमस्टेवाला बॉट, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम मागतो, कारण मे महिन्यात पानं वाढताना त्याच्या खिशातला फोन थांबत नाही. असं काम पैसे घेऊन करायचं असेल तर लॅपटॉप उघडण्याआधी बरंच काही उरकावं लागतं.

१. जुने मेसेज मागून घ्या

मालकाच्या परवानगीने गेल्या सीझनच्या चॅट घ्या. नावं आणि नंबर काढून टाका. मग एकेक मेसेज वाचा. तेच ते दहा-बारा प्रश्न फिरून येतात: भाडं किती, एसी आहे का, समुद्र किती लांब, गाडी दारापर्यंत येते का. पण ते विचारतात कसे, तेही टिपून ठेवा. ‘शनिवार २ फॅमिली ४ पोरं मासे भेटतील ना’ या एका ओळीत तारीख, माणसं आणि जेवण आलं, खोलीचा मात्र शब्दही नाही. कुणी रोमन लिपीत मराठी लिहितं, कुणी सरळ व्हॉइस नोट टाकतं. यातलं काय बॉटने हाताळायचं आणि काय माणसाकडे द्यायचं, ते इथेच ठरवा.

वाचून झाल्यावर कधी कधी असंही दिसतं की व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमधले तयार क्विक रिप्लाय पुरेसे आहेत. तसं असेल तर क्लायंटला तसं सांगून टाका. काम हातचं जाईल, पण तोच माणूस पुढची चार कामं पाठवतो.

२. बॉट काय बोलणार नाही, ते लिहून काढा

भाडं, खोली शिल्लक आहे की नाही आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतील का, ही तीन उत्तरं भाषा मॉडेलच्या (बॉटची वाक्यं तयार करणाऱ्या एआयच्या) मनावर सोडू नका. ती मालकाच्या गूगल शीटमधून जशीच्या तशी यायला हवीत. एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या बॉटने एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूनंतरच्या सवलतीच्या तिकिटाबद्दल चुकीची माहिती दिली होती. बॉटच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, हा कंपनीचा बचाव ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. हा किस्सा क्लायंटला जरूर सांगा. मग शीट अद्ययावत ठेवायचा कंटाळा तो करत नाही.

पाहुणे चेक-इनसाठी आधार कार्डाचे फोटोही चॅटवरच पाठवतात. ते मॉडेलकडे जाता कामा नयेत आणि तुमच्या सर्व्हरवर साठताही कामा नयेत. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण तो नसता तरी हेच करायचं होतं.

३. बांधणी

व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा, तिच्याकडे बिझनेस खातं क्लायंटच्याच नावाने उघडा आणि नंबरसाठी नवं सिम घ्यायला लावा. त्याच्या रोजच्या नंबरला सुरुवातीला हात लावू नका. बॉटला व्हॉट्सॲपशी जोडणाऱ्या मेटाच्या सेवेचे, म्हणजे क्लाउड एपीआयचे, नियम डिझाइन ठरवण्याआधी वाचा. पाहुण्याच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास मोकळेपणाने उत्तर देता येतं. त्यानंतर फक्त मेटाने मंजूर केलेलं टेम्प्लेट, म्हणजे आधीच ठरवलेला मजकूर. एका मेसेजला उत्तराची बटणं तीनच, यादीत ओळी दहा. बटणावर २० अक्षरं बसतात आणि मराठीत काना-मात्राही मोजली जाते, त्यामुळे ‘आमच्यापर्यंत कसं यायचं?’ मावत नाही. ‘रस्ता’ लिहा, कळतं.

पहिल्याच मेसेजमध्ये आपण बॉट आहोत हे सांगून टाका. सलग दोनदा प्रश्न कळला नाही किंवा ‘तक्रार’, ‘पैसे परत’ असे शब्द आले की बॉटने गप्प बसावं आणि सगळी चॅट मालकाला दाखवावी. ही सोय डेमोमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही, पण माझ्या मते निम्मं काम तेवढंच आहे.

४. चाचणी

तुम्ही स्वतः केलेली चाचणी फारशी कामाची नाही, कारण तुम्हाला उत्तरं माहीत असतात. मालकाच्या घरातल्या काकू-मामींच्या हातात फोन द्या आणि बाजूला बसून फक्त बघा.

५. पैसे

कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या ठेवा: बनवण्याचे, दरमहा देखभालीचे, आणि मेटा व मॉडेलचा खर्च. तिसरा खर्च थेट क्लायंटच्या कार्डावर टाका, नाहीतर प्रत्येक सीझनला वसुली करत बसाल. जुलै २०२५ पासून मेटा टेम्प्लेटचे पैसे प्रति मेसेज लावते, म्हणून ‘दिवाळीच्या शुभेच्छा सगळ्या जुन्या पाहुण्यांना पाठवू’ असं मालक म्हणाला की आधी हिशोब मांडून दाखवा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या.

देखभालीत काय येतं तेही लिहा. भाडं मालकाने शीटमध्ये बदलायचं. नवा प्रश्न शिकवणं तुमच्याकडे, महिन्यातून एकदा. नेट गेलं म्हणून रात्री अकराला येणारा फोन त्यात धरायचा की नाही, हेही सही करण्याआधीच ठरवा.