हळदीच्या हंगामाआधी कनेक्शन पूलची तयारी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे रंगात आले की अडत्यांची बिले, वजनाच्या नोंदी आणि शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या एकाच वेळी डेटाबेसवर येऊन आदळतात. म्हणून पुढील कामे आधीच उरकावीत, सौद्याच्या सकाळी नव्हे. होस्ट, पोर्ट, पासवर्ड यांविषयी सांगायला नको.

कनेक्शन पूल म्हणजे डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा; ॲप्लिकेशन त्यातून गरजेपुरते कनेक्शन घेते आणि परत करते. सर्वांत आधी, घेतलेले कनेक्शन पूलकडे परत जाते की नाही, हे पाहावे. व्यवहार सुरळीत पार पडला तर ते जातेच; प्रश्न असतो तो चूक उद्भवल्यानंतरचा. पट्टीची रक्कम जुळली नाही, एक्सेप्शन (कोड मध्येच तोडणारी चूक) आले आणि कनेक्शन परत करणारी क्लोजची ओळ त्याच्या खालीच राहिली, की ते कनेक्शन अडकलेच. जावामध्ये, चूक झाली तरी क्लोज आपोआप करणारी ट्राय-विथ-रिसोर्सेसची सोय 2011 पासून आहे. ती न वापरण्याची सबब कोणी सांगू नये. हिकारीसीपी या जावाच्या लायब्ररीतील पूलची मूळ मर्यादा 10 कनेक्शनांची असते, त्यामुळे अशी 10 बिले चुकली की अकरावा अडत्या 30 सेकंद ताटकळतो आणि मग त्याला टाइमआउट दिसतो, डेटाबेस सर्व्हर मात्र निवांत असतो. गेल्या हंगामात नेमके हेच तपासायचे राहिले आणि खापर सर्व्हरवर फुटले.

गळती, म्हणजे घेतलेले कनेक्शन परत न येणे, ओळखण्याची सोय हिकारीत मुळात बंद असते, ती चालू करावी. मात्र ती लॉगमध्ये इशारा देते, कनेक्शन परत आणत नाही. परत करणे हे कोडचेच काम आहे. पूल मोठा केल्याने गळती थांबत नाही, उशिरा दिसते इतकेच.

आकार ठरवताना ॲप्लिकेशनच्या सर्व चालू प्रतींची बेरीज करावी. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शनांची असून त्यांतील 3 कनेक्शने सुपरयूजरसाठी (सर्वाधिकार असलेल्या प्रशासकासाठी) राखीव असतात, त्यामुळे प्रत्येकी 10 कनेक्शनांच्या 10 प्रती त्यात मावत नाहीत.

मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळ मांडणीत 8 तास पडून राहिलेले कनेक्शन तोडतो. पूलमधील आयुर्मर्यादा त्याहून कमी असावी. एसएमएस सेवेच्या उत्तराची वाट पाहताना कनेक्शन धरून ठेवू नये. अलर्ट, बॅकअप नेहमीप्रमाणे.

चाचणीत मात्र मुद्दाम चुकीचीच बिले टाकावीत, तीही पूलच्या आकाराहून जास्त, आणि शेवटी वापरातील कनेक्शनांचा आकडा शून्यावर येतो का, हे पाहावे. तो एकावर अडला तरी कोड पुन्हा उघडावा.